‘सिंग’ म्हणजे नुसते गाणे नव्हे

इंग्रजीतले ‘सिंग’ हे क्रियापद आपण शाळेतच शिकतो. सिंग, सँग, संग. रूपे पाठ झाली की शब्द कळला, असे आपल्याला वाटते. पण जरा मागे जाऊन बघू.

जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘सिंगन’ असा होता. जर्मन ‘झिंगेन’ त्याचाच सख्खा भाऊ. चौथ्या शतकात बिशप वुल्फिला याने बायबल गॉथिक भाषेत आणले. त्यात नाझरेथच्या सभास्थानात येशू शास्त्र वाचायला उभा राहतो, तिथे ‘वाचणे’ यासाठी याच कुळातले ‘सिंगवान’ हे क्रियापद आहे! म्हणजे ग्रंथ वाचायचा तो मोठ्याने, सुरावर. आपल्याकडे पोथी वाचतात ना, तसेच.

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढे फ्रेंचमार्गे लॅटिन कुळातला ‘चांट’ इंग्रजीत आला. मंत्र, स्तोत्रे बरीचशी त्याच्याकडे गेली. रोजचे गाणे ‘सिंग’कडेच राहिले.

आज पक्षी, चुलीवरची किटली, कानाजवळून सूं करत जाणारी गोळीसुद्धा ‘सिंग’ करते. आणि पोलिसांपुढे आरोपी ‘सिंग’ करू लागला, तर? तो गात नसतो, साथीदारांची नावे सांगत असतो. आपण म्हणतो, पोपटासारखा बोलू लागला. इथे ‘गाऊ लागला’ असे भाषांतर केले, तर कबुलीजबाबाची मैफल होईल! म्हणून कोशातल्या पहिल्या अर्थावर आपण थांबू नये. कोण गातो आहे आणि कोणापुढे, हे आधी विचारावे.