सरदारकीची शिंगं

सिरॅक्यूज (न्यूयॉर्क) : या शहरातून ८१ क्रमांकाच्या महामार्गाने दक्षिणेला निघालं, की थोड्याच वेळात रस्ता ओनोंडागा या मूलनिवासी राष्ट्राच्या मुलखातून जाऊ लागतो. चहूबाजूंनी अमेरिकेने वेढलेली ही सुमारे ७,३०० एकर जमीन. इथे निवडणूक होत नाही. तरी कारभार चालतो, आणि तो कोणी चालवायचा हे बायका ठरवतात.

जग ज्यांना इरोक्वा म्हणतं, ते स्वतःला होडेनोशोनी म्हणवतात. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा आणि सेनेका या पाच राष्ट्रांचा हा संघ. टस्करोरा अठराव्या शतकात सहावे म्हणून आले. महासभेत सरदारांच्या ५० गाद्या, त्यांतल्या १४ ओनोंडागांच्या. सरदार पुरुषच असतो, पण गादी त्याच्या मुलाला मिळत नाही, कारण ती आईच्या कुळाची असते. ती रिकामी झाली की कुलमाता कुळातल्या बायकांशी बोलून नवा माणूस सुचवते. मग कूळ, राष्ट्र आणि महासभा त्याला मान्यता देतात. हरणाची शिंगं ही सरदारकीची खूण. सरदाराचं वागणं बिघडलं तर कुलमाता त्याला तीनदा ताकीद देते. तरी ऐकलं नाही तर शिंगं उतरवली जातात. आमदार फुटल्याच्या बातम्यांवर पोसलेल्या आपल्या मराठी वाचकाला यातला सुटसुटीतपणा भावेल.

या अधिकाराचं मूळ घरात होतं. जुन्या काळी एका लांबलचक घरात एका कुळाच्या बायका राहायच्या, लग्न झाल्यावर पुरुष तिथे राहायला यायचा. नाही पटलं तर त्याचं सामान दाराबाहेर ठेवलं जाई. मुलं आईकडेच राहत. शेत बायकांचं, कणगीही बायकांचीच. लढाई पसंत नसली तर वाटेच्या शिदोरीसाठी मका द्यायचा नाही, एवढं त्यांना पुरे होई.

तो मका आजही शिजतो. पांढरे टपोरे दाणे लाकडाच्या राखेच्या पाण्यात उकळायचे, साल सुटली की विणलेल्या टोपलीत घालून पाण्याखाली चोळायचे. साल वाहून जाते, दाणा उरतो. मग घेवड्याचे दाणे आणि खारवलेलं डुकराचं मांस घालून सूप रटरटत ठेवायचं. समारंभाला ते हवंच.

सेनेका फॉल्स हे गाव इथून फार लांब नाही. १८४८च्या जुलैमध्ये तिथे अमेरिकी स्त्रिया हक्कांसाठी जमल्या. त्याच वर्षी सेनेकांच्या एका मोठ्या गटाने सरदारकी मोडून निवडून दिलेलं मंडळ आणलं आणि मत ठेवलं फक्त पुरुषांना. सेनेका बायकांना ते मिळायला १९६४ उजाडलं! कॅनडात राहणाऱ्या होडेनोशोनींवर तिथल्या सरकारने हेच वरून लादलं. १९२४मध्ये ग्रँड रिव्हरच्या वस्तीत पोलिसांच्या बळावर पारंपरिक सभा बाजूला सारली. शिवाय कॅनडाच्या कायद्याने वंश बापाकडून मोजला. बाहेरच्याशी लग्न करणारी बाई ‘इंडियन’, म्हणजे मूलनिवासी, म्हणून असलेली नोंदच गमावत असे. हे कलम १९८५पर्यंत होतं. ज्यांच्यात मूल आईच्या कुळाचं, त्यांच्यावर हा कायदा!

सरदार बायका ठरवतात म्हणून हे बायकांचं राज्य आहे, असं मात्र कुणी समजू नये. लॅक्रॉस हा जाळीच्या काठीने चेंडू खेळायचा यांचा खेळ देवाने दिलेला, औषधासारखा. लाकडी काठीला बाईने हात लावायचा नाही, अशी रूढी. १९८०च्या दशकात मुलींचा संघ उभा राहू लागला तेव्हा त्याला विरोध करणाऱ्यांत कुलमाताच होत्या. आता होडेनोशोनी मुली जागतिक स्पर्धेत खेळतात, त्यांच्या काठ्या प्लास्टिकच्या असतात. लाकडी काठीचा वाद अजून मिटलेला नाही, आणि तो मिटवायला बाहेरच्या कुणाला बोलावलेलंही नाही.