किर्बीची बाहुली आणि सोलापुरी टॉवेल
1992 साली निन्टेन्डोच्या ‘गेम बॉय’ या खेळयंत्रावर अवतरलेले, मासाहिरो साकुराई यांनी घडवलेले ‘किर्बी’ हे पात्र बाहुल्या शिवू पाहणाऱ्या नवशिक्याने प्रथम शिवावे, कारण त्याचा देह म्हणजे सहा पाकळ्यांचा, अर्थात दोन्ही टोकांना निमुळत्या कापडी तुकड्यांचा, चेंडूच होय. प्लश, म्हणजे एका अंगाला दाट लव असलेले कापड, मुरुमसारख्या छोट्या गावाच्या बाजारात न मिळाल्यास भौगोलिक मानांकनप्राप्त सोलापुरी टेरी टॉवेल उत्तम चालतो (किर्बी गुलाबी, म्हणून टॉवेलही गुलाबीच हवा, हे ओघाने आलेच). मात्र त्याच्या कापलेल्या कडा झरझर उसवत असल्याने शिवणीला अर्धा इंच माया, म्हणजे जादा कापड, सोडणे इष्ट. पाकळ्या उलट बाजूने जोडून, राखलेल्या फटीतून सुलट करून कापूस भरतात, परंतु साधा कापूस धुतल्यावर गोळा होतो, म्हणून पॉलिएस्टरचा तंतुमय भराव सरस ठरतो.