पडद्यावरचा व्यापारी

हिंदी चित्रपटांतील व्यापारी ओळखण्यास प्रेक्षकाला क्षणभरही लागत नाही. समोर लाल कापडात बांधलेली वही, ओठांवर गोड हसू आणि नजर मात्र कुणाच्या तरी गहाण जमिनीवर! मेहबूब खान यांच्या ‘मदर इंडिया’तील (१९५७) सुखीलाला हा या साच्याचा सर्वांत गाजलेला नमुना. कन्हैयालाल यांनी ही भूमिका इतकी जिवंत केली, की मेहबूब खान यांनी त्याच कथेवरील आपल्या आधीच्या ‘औरत’मध्येही (१९४०) सावकार म्हणून त्यांनाच उभे केले होते. अभिनयाबद्दल दुमत नाही. परंतु पिढ्यान्‌पिढ्या दुकानदारी करणाऱ्या घरांतील मुलांनी पडद्यावर आपल्या आजोबांचे एवढेच रूप पाहावे काय, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात सलत असतो.

ही तक्रार रास्त आहे. मात्र ती करताना एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. व्यापाऱ्याकडे माणूस म्हणून निरखून पाहणारे चित्रपट आपल्या देशात निघालेले आहेत; पण ते ‘संथ’, ‘पुरस्कारासाठी काढलेले’ म्हणून आपणच बाजूला ठेवले. दिवसभर दुकान सांभाळून रात्री जुने व वेगळे चित्रपट पाहण्याचा छंद मी अनेक वर्षे जोपासला आहे. त्या आधारे चार चित्रपटांविषयीची माझी मते वाचकांपुढे ठेवतो.

चित्रपट आणि व्यापार हे तसे परके नव्हेतच. आपण कांदिवलीकर तर या सृष्टीचे शेजारी. शेजारच्या मालाडला १९३४ साली हिमांशू राय व देविका राणी यांनी ‘बॉम्बे टॉकीज’ स्थापन केली, ती रीतसर भागभांडवल असलेली कंपनी म्हणून. ‘अछूत कन्या’ (१९३६) आणि ‘किस्मत’ (१९४३) हे तिचे गाजलेले चित्रपट. आज त्या आवारात लहान कारखाने व गाळे आहेत. कला आणि नफातोटा एकाच छताखाली नांदल्याची ही खूण आपल्या इतक्या जवळ आहे.

पहिला चित्रपट मराठीच घेऊ. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) बहुतेक जण भक्तिपट म्हणून पाहतात. मी तो वाण्याच्या घरातील संसाराची कथा म्हणूनही पाहतो, कारण तुकोबांचे घराणे देहूतील दुकानदारी व सावकारी करणारे होते. दामले-फत्तेलाल यांनी विष्णुपंत पागनीसांचे तुकाराम जितक्या आदराने दाखवले, तितक्याच प्रामाणिकपणे गौरी यांची जिजाईही दाखवली. पती देवाच्या नामात रंगला असताना मुलांच्या ताटात काय वाढायचे, हा तिचा प्रश्न चित्रपट हसण्यावारी नेत नाही. एकच सत्य अनेक बाजूंनी पाहण्याची शिकवण आपल्याला जन्मापासून मिळते. ती येथे कोणत्याही प्रवचनाविना दिसते. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली या चित्रपटाचा गौरव झाला.

दुसरा श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ (१९७६). गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन दहा लाखांचे भांडवल उभे केले आणि त्यातून हा चित्रपट निघाला. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. यातील दूध-व्यावसायिक मिश्रा अमरीश पुरी यांनी साकारला आहे. तो सुखीलालाचाच वंशज, परंतु फरक मोठा. मिश्रा आरडाओरड करीत नाही. तो अडीअडचणीला उपयोगी पडतो, गोड बोलतो आणि निरक्षर बिंदूच्या अंगठ्याचा ठसा एका कागदावर घेऊन सहकारी संस्था उभारणाऱ्या डॉक्टरवर किटाळ आणतो. सुखीलालाला पाहून ‘आम्ही असे नाही’ असे चटकन म्हणता येते. मिश्राला पाहून तसे म्हणण्यापूर्वी थांबावे लागते. ज्याला वाचता येत नाही त्याच्याकडून आपण कशावर सही घेतो, हा प्रश्न आजही दुकानात व कार्यालयात तितकाच खरा आहे.

तिसरा आपल्याच मुंबईत घडतो. आनंद गांधी यांच्या ‘शिप ऑफ थिसियस’ला (२०१२) सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात अनवाणी चालणारा, प्राण्यांवरील प्रयोगांविरुद्ध न्यायालयात लढणारा मैत्रेय नावाचा साधू आहे. नीरज कबी यांनी ही भूमिका केली आहे. यकृताच्या आजारात तो प्राण्यांवर पारखलेली औषधे नाकारतो, अन्नत्याग करतो आणि अखेर उपचार स्वीकारतो. हा शेवट आपल्या श्रद्धेला रुचणार नाही, असे अनेकांना वाटेल. मला मात्र त्या साधूची दुर्बलता दाखवतानाही दिग्दर्शकाने त्याची थट्टा केली नाही, हे मोलाचे वाटते. आपल्या व्रतांच्या इतक्या जवळ जाणाऱ्या प्रश्नाला हिंदी चित्रपटांनी एवढ्या गांभीर्याने क्वचितच हात घातला असेल. त्याच चित्रपटात नवीन नावाचा एक शेअर दलालही आहे. आपल्याला बसवलेले मूत्रपिंड चोरीचे असावे, या शंकेने तो बेचैन होतो आणि ज्याचे मूत्रपिंड खरोखर चोरीला गेले त्या गरीब कामगारासाठी थेट स्वीडन गाठतो. शेवटी तो कामगार मूत्रपिंडापेक्षा पैसेच पसंत करतो. नवीनला हवा तसा न्याय मिळत नाही. तरी हिशेबापलीकडे पाहण्याची त्याची धडपड व्यर्थ गेली, असे मी मानत नाही.

चौथा चित्रपट सर्वांत अवघड आणि माझ्या मते आपल्या घरांसाठी सर्वांत महत्त्वाचा. मणि कौल यांचा ‘दुविधा’ (१९७३) विजयदान देथा यांच्या राजस्थानी कथेवर आधारलेला आहे. व्यापाऱ्याचा मुलगा नववधूला घरी आणतो आणि लगेच पाच वर्षांसाठी व्यापाराला निघून जातो. वाटेत तिच्यावर भाळलेले एक भूत त्याचे रूप घेऊन घरी येते. कथेत ते सासऱ्याला रोज पाच मोहरा देते. मग मुलगा व्यापार सोडून परत कसा आला, याची चौकशी सासरा करीत नाही! सुनेला मात्र भूत सत्य सांगून तिचा कौल मागते. यापूर्वी तिला कुणीच काही विचारलेले नसते.

हीच कथा अमोल पालेकर यांनी ‘पहेली’ (२००५) या नावाने शाहरुख खान व राणी मुखर्जी यांना घेऊन मांडली. रंग, गाणी, नृत्ये यांनी ती नटली आणि शेवटी भूत पतीच्याच देहात येऊन प्रेमिकांचे मीलन झाले. ‘दुविधा’त तसे होत नाही. भूत कातडी पिशवीत कोंडले जाते आणि वधू मुकाट्याने, नको असलेल्या संसारात राहते. ‘पहेली’ पाहून मन प्रसन्न होते हे खरे. पण मला ‘दुविधा’चाच शेवट खरा वाटतो. पहिल्यांदा पाहताना त्यातील स्थिर चित्रे व सपाट संवाद जड जातील. ती शांतता त्या वधूची आहे, हे ध्यानात ठेवले की चित्रपट उलगडू लागतो.

केवळ संथ आहे म्हणून चित्रपट थोर ठरत नाही. पुष्कळ कलात्मक चित्रपट नुसतेच कंटाळवाणे असतात, हेही अनुभवाने सांगतो. म्हणून आरंभ ‘संत तुकाराम’पासून करावा, मग ‘मंथन’, त्यानंतर ‘शिप ऑफ थिसियस’ आणि ‘दुविधा’ अखेरीस. महिन्यातून एका रविवारी, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून, तिन्ही पिढ्यांनी एकत्र बसावे. चित्रपट संपल्यावर चर्चा अवश्य व्हावी. ‘दुविधा’ पाहून झाल्यावर मात्र घरातील वडीलधाऱ्यांनी आपले मत राखून ठेवावे आणि प्रथम घरातील सुनेला विचारावे, की तुला काय वाटले?