सैंधवाचा स्फटिक आणि तापलेलं चाक

प्रवासी व्हॅनचं मोटारहोम करून घेतलेल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. स्पर्श न करता तापमान सांगणारी इन्फ्रारेड थर्मामीटरं, ज्यांना दुकानात सरसकट ‘टेंपरेचर गन’ म्हणतात, त्यातलं घरात आणि गाडीत दोन्हीकडे चालेल असं कोणतं घ्यावं? त्यांनी पाहिलेल्या एका खोक्यावर कमाल ५५० अंश सेल्सिअस लिहिलं आहे, दुसऱ्यावर १५००, आणि तिसऱ्याला दोन लेझर आहेत. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून अशा गाड्यांविषयी कुतूहल वाढलं आहे. म्हणून हा प्रश्न जरा सविस्तर घेतो.

पहिल्या मुद्द्याचं उत्तर सोपं आहे. ५५० अंश पुरेसे आहेत. घरात किंवा गाडीत १५०० अंशांना पोचलेली, या यंत्राने मोजता येईल अशी वस्तू नसते. गॅसची निळी ज्योत तेवढी तापते खरी, पण पारदर्शक ज्योतीचं तापमान या गनला कळतच नाही. मोठा आकडा पाहून जास्त पैसे मोजू नयेत. खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेल्या दोन गोष्टी शोधाव्यात: उत्सर्जकता, म्हणजे तिथे लिहिलेली ‘एमिसिव्हिटी’, बदलता येते का; आणि अंतराचं ठिपक्याशी गुणोत्तर किती आहे.

मोजणीसाठी गन काहीही सोडत नाही, ती फक्त घेते. २०२० साली दुकानांच्या दारांत कपाळावर गन धरली जाऊ लागली, तेव्हा तिचे किरण मेंदूत शिरतात अशी अफवा फिरत होती. खरं तर किरण उलट दिशेने येतात. प्रत्येक वस्तू तिच्या तापमानानुसार अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड, प्रारण बाहेर टाकत असते. गनमधला संवेदक साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीचं प्रारण टिपतो आणि त्यावरून तापमानाचा हिशोब करतो. लाल लेझर हा नेम कुठे आहे एवढंच दाखवतो. मोजणीत त्याचा काही वाटा नाही. (तो डोळ्यांत मात्र जाऊ देऊ नका. लहान मुलांच्या हाती तर गन देऊच नका.)

हिशोब हाच इथला कळीचा शब्द आहे. पडद्यावरचं तापमान थेट मोजलेलं नसतं, गृहीतक धरून काढलेलं असतं. समोरचा पृष्ठभाग त्या तापमानाला जेवढं जास्तीत जास्त प्रारण टाकू शकेल, त्याच्या ९५ टक्के टाकतो आहे, असं बहुतेक स्वस्त गन धरून चालतात. हीच उत्सर्जकता ०.९५. माणसाची त्वचा, पाणी, तेल, रबर, लाकूड, कागद, विटांची भिंत, कुठल्याही रंगाचा साधा ऑइलपेंट या सगळ्यांना ते गृहीतक बऱ्यापैकी लागू पडतं. चकचकीत धातूला मात्र अजिबात नाही.

हे जॉन लेस्ली या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८०४ साली छापलेल्या पुस्तकात दाखवून दिलं. त्याने पत्र्याचा पोकळ घन घेतला, त्यात कढत पाणी भरलं. एक बाजू घासून लख्ख केलेली, एक काजळीने माखलेली, एकीवर कागद चिकटवलेला. आतलं पाणी एकच, म्हणून सगळ्या बाजूंचं तापमान जवळपास सारखंच. तरी काजळीच्या बाजूने येणारी धग लखलखीत बाजूच्या कित्येक पट निघाली, आणि पांढरा कागदही काजळीच्या फारसा मागे नव्हता. डोळ्यांना दिसणारा रंग इथे निरुपयोगी ठरतो, ही यातली सर्वांत सुंदर गोष्ट.

गन घरी आली की हा प्रयोग जरूर करा. स्टीलचा चकचकीत डबा कढत पाण्याने भरा, एका अंगाला वायरमन वापरतात ती काळी टेप चिकटवा, आणि आधी टेपवर, मग उघड्या स्टीलवर गन धरा. दोन आकड्यांतली तफावत पाहून मुलं थक्क होतील, मोठेही होतील.

तफावत किती असू शकते याचा ढोबळ हिशोब करून बघू. चकचकीत स्टीलचं रिकामं पातेलं २०० अंशांवर आहे, स्वयंपाकघर ३० अंशांवर. त्या स्टीलची उत्सर्जकता ०.१५ धरू. म्हणजे गनकडे येणाऱ्या प्रारणात पातेल्याचा स्वतःचा वाटा जेमतेम निम्मा, आणि त्यात परावर्तित झालेल्या थंड भिंती नि छत यांचा वाटाही जवळपास तेवढाच. प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं हा स्टेफान-बोल्ट्झमनचा नियम लावला तर ०.९५ वर अडकलेली गन ७५ ते ८० अंशांच्या आसपास काहीतरी दाखवेल. या आकड्यावर विसंबून कुणी पातेल्याला हात लावला तर काय होईल, ते सांगायला नको.

उत्सर्जकता बदलता येणारी गन घ्या असं म्हणतो ते यासाठी. गंजलेलं, काळवंडलेलं, खरबरीत झालेलं लोखंड ०.७ ते ०.९ च्या दरम्यान असतं, तिथे हे बटण चांगलं कामी येतं. लखलखीत धातूसाठी मात्र सेटिंग ०.१५ वर नेऊनही फार भरवसा ठेवू नये, कारण आजूबाजूचं परावर्तन सगळा हिशोब बिघडवतं. त्यापेक्षा जागा थंड असताना तिथे टेप लावावी. जास्त तापणाऱ्या जागी टेप वितळते. तिथे मोटरसायकलच्या सायलेन्सरला मारतात तो काळा मॅट हीटप्रूफ रंग लावावा. या दोन गोष्टींनी जेवढा फरक पडतो, तेवढा गनच्या किमतीने पडत नाही.

आता जरा थांबून, ज्याच्या कामावर ही गन उभी आहे त्या माचेदोनियो मेल्लोनी या इटालियन शास्त्रज्ञाबद्दल मला लिहू द्या. शाळेच्या पुस्तकांत अवरक्त किरणांच्या शोधाचा सगळा मान विल्यम हर्शेलला मिळतो. युरेनस शोधणारा हा खगोलशास्त्रज्ञ सूर्य न्याहाळायला रंगीत काचा वापरत असे. काही काचांतून उजेड कमी पण उष्णता जास्त येते, हे त्याच्या लक्षात आलं. १८०० साली त्याने लोलकातून वर्णपट पाडून एकेका रंगात थर्मामीटर ठेवला आणि तांबड्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथे पारा सर्वाधिक चढलेला पाहिला. थोर प्रयोग, यात शंका नाही. पण हर्शेलच्या हाती पाऱ्याचे थर्मामीटर होते, संथ आणि फारसे संवेदनशील नसलेले. प्रकाश आणि ही अदृश्य उष्णता एकाच जातीची असावी असं त्याला आधी वाटलं, आणि पुढे तो स्वतःच त्या मतापासून दूर गेला.

ते कोडं पुढे नेलं मेल्लोनीने. जन्म १७९८, इटलीतलं पार्मा. तिथेच प्राध्यापक होता. १८३१ च्या राजकीय उठावात अडकला आणि देश सोडून फ्रान्सला पळावं लागलं. दोन धातूंच्या सांध्यांमध्ये तापमानाचा फरक असला की वीज वाहते, हा परिणाम सेबेक या शास्त्रज्ञाने १८२१ मध्ये शोधला होता. लेओपोल्दो नोबिलीने असे अनेक सांधे ओळीने जोडून थर्मोपाइल बनवला, आणि मेल्लोनीने त्याला किरणांच्या मोजणीचं अचूक हत्यार केलं. खोलीत काही अंतरावर उभ्या असलेल्या माणसाची ऊबही त्यावर टिपता येई.

या हत्याराने त्याने एकामागून एक पदार्थ तपासले. डोळ्यांना आरपार दिसणारी काच तापलेल्या भांड्याचं प्रारण अडवते. उलट खाणीतल्या मिठाचा स्वच्छ स्फटिक ते जवळजवळ सगळंच्या सगळं जाऊ देतो. म्हणजे आपलं उपासाचं सैंधव! मग त्याने त्याच मिठाची भिंगं आणि लोलक घडवून घेतले, आणि उष्णतेचे किरणही वाकतात, त्यांच्यातही रंगांसारखे प्रकार असतात, हे दाखवलं. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने या परदेशी निर्वासिताकडे सुरुवातीला फारसं लक्ष दिलं नाही. लंडनमध्ये मायकेल फॅरडेने त्याचं काम उचलून धरलं, आणि १८३४ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला रम्फर्ड पदक दिलं, जे आधी लेस्लीलाही मिळालं होतं. पुढे तो नेपल्सला गेला, व्हेसुव्हियस ज्वालामुखीवरच्या वेधशाळेचा पहिला संचालक झाला. १८४६ मध्ये सुमारे मीटरभर व्यासाच्या, दीपगृहात वापरतात तशा कंगोरेदार फ्रेनेल भिंगाने त्याने चंद्रप्रकाश थर्मोपाइलवर एकवटला आणि चंद्राकडून येणारी उष्णता टिपली. ते भिंग काचेचं होतं, म्हणून चंद्राची स्वतःची ऊब त्यातच अडली असणार; त्याला मिळाली ती मुख्यतः चंद्रावरून परावर्तित झालेली सूर्याचीच. तरी काय जिद्द! राजकीय मतांपायी वेधशाळेचं संचालकपदही गेलं, आणि १८५४ मध्ये पटकीने त्याचा मृत्यू झाला.

तुमच्या हातातली गन उघडली तर आत हेच सापडेल. समोर फ्रेनेल भिंग, त्यामागे थर्मोपाइल. थर्मोपाइल आता सिलिकॉनच्या चिपवर मावतो, आणि भिंग काचेऐवजी बहुधा पॉलिथिनचं असतं, कारण त्यातून हे प्रारण जातं. खोक्यावर सोडाच, पाठ्यपुस्तकातही मेल्लोनीचं नाव क्वचित दिसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

काचेबद्दलचा त्याचा निष्कर्ष गाडीतही कामाला येतो. बंद खिडकीतून बाहेरचं काही मोजू पाहाल तर काचेचंच तापमान मिळेल. गनच्या भिंगावर वाफ धरली असेल तर तेच होतं.

आता गुणोत्तर. १२:१ म्हणजे ६० सेंटीमीटरवरून गन ५ सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ बघते, आणि त्यातल्या सगळ्याची सरासरी सांगते. टॉर्चचा झोत दूर जाईल तसा पसरतो, तसंच. वस्तू वर्तुळाहून निदान दुप्पट मोठी हवी. लेझर भिंगाच्या जरा वर बसवलेला असतो, म्हणून अगदी जवळून मोजताना खरं वर्तुळ लाल ठिपक्याच्या थोडं खाली असतं. दोन लेझर त्या वर्तुळाच्या कडा दाखवत असतील तर त्यांचा खरोखर फायदा आहे. नुसत्या शोभेला असतील तर नाही. घर आणि गाडीसाठी १२:१ चांगलं. ८:१ ने गाडीखाली जास्त वाकावं लागेल.

स्वयंपाकघरात वापरून काळा झालेला बिडाचा तवा, नॉनस्टिक तवा, कढईतलं तेल हे सगळं नीट मोजता येतं. नॉनस्टिकसाठी तर गन हवीच, कारण साधारण २६० अंशांपुढे त्या लेपाचं विघटन सुरू होतं आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर तिथे लवकर पोचतो. विरजण लावायचं दूध आधी ढवळा, मग मोजा. गन फक्त वरचा थर बघते, आणि बाष्पीभवनाने तो आतल्यापेक्षा थंड झालेला असतो. फ्रिजमधली हवा मोजता येत नाही, आत ठेवलेला पुठ्ठ्याचा खोका मोजा.

मोटारहोममध्ये गनचं मोल आकड्यापेक्षा तुलनेत आहे. घाट उतरून आल्यावर ड्रायव्हर चाकाजवळ हात धरून अंदाज घेतात, तेच काम गन सुरक्षितपणे करते. गाडी थांबल्याबरोबर चारही चाकांचे हब मोजा. एकाच अक्षावरच्या डाव्या-उजव्या चाकांत मोठा फरक दिसला, तर ब्रेक धरून बसलाय किंवा बेअरिंग खराब होत चाललंय असं समजून मेकॅनिककडे जा. चकाकती डिस्क किंवा अलॉय व्हील मोजू नका. काळ्या रंगाचा ठिपका किंवा टायरचं रबर मोजा.

विजेचे जोड तर नक्कीच तपासा. १२ व्होल्टच्या बॅटरीवर इन्व्हर्टर लावून १२०० वॅटचं काही चालवलं की तारांतून १०० अँपिअर वाहतात. घरच्या २३० व्होल्टवर तेवढ्याच कामाला ५ अँपिअरच्या आसपास लागतात. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. जोड सैल होऊन रोध फक्त ५ मिलिओम झाला, तरी त्या एका जागी ५० वॅट उष्णता होते. प्लॅस्टिक वितळायला आणि आग लागायला ती पुरेशी आहे. मोजायचं ते जोडाला लागून असलेल्या तारेच्या आवरणावर, उघड्या तांब्यावर नाही.

छतातून झिरपणारं पाणीही गनने सापडू शकतं: ओली जागा बाष्पीभवनाने थंड राहते, म्हणून भिंतीच्या आतल्या बाजूला गार पट्टा दिसतो. पण कोकणात ऐन पावसाळ्यात हे जमणार नाही. हवा आधीच बाष्पाने भरलेली असली की बाष्पीभवन जवळजवळ थांबतं आणि फरक उरत नाही. कोरड्या दुपारी बघा.

गन उन्हात डॅशबोर्डवर ठेवू नका. थर्मोपाइल समोरच्या वस्तूचं तापमान स्वतःच्या तापमानाशी ताडून सांगतो, म्हणून एसीतून बाहेर आणल्यावर तिला पंधरा-वीस मिनिटं स्थिरावू द्यावं.

आणि याच गनने घरच्यांचा ताप बघू नका. तिची अचूकता दोन अंश इकडेतिकडे असते. ३७ आणि ३९ मधला फरक तिच्या भरवशावर ठरवता येत नाही. तापासाठी वैद्यकीय थर्मामीटर वेगळा ठेवा, गाडीच्या प्रथमोपचार पेटीतही.