बर्फावर जाताय? उतार मोजायचं काय नेताय?

चांदवडला बर्फ म्हणजे रसवंतीवरचा. तरी थंडी पडली की आमची पोरं उत्तराखंडातल्या केदारकंठा, ब्रह्मताल ट्रेकच्या तयारीला लागतात. बूट, जॅकेट, हातमोजे सगळं घेतात. उतार मोजायचं साधन कुणाच्या यादीत नसतं. मी गणिताचा मास्तर, त्यामुळे माझं लक्ष नेमकं तिकडे जातं.

बर्फाचा अख्खा थर सुटून येतो तो बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून, त्यातही ३८ च्या आसपास जास्त. त्याहून सपाट जागी तो सहसा टिकतो. फार उभ्या कड्यावर साचायच्या आतच झडतो. म्हणजे २७ की ३३, हे कळलं पाहिजे, आणि डोळा इथे हमखास फसतो. आमच्या इंद्राई किल्ल्याच्या कातळाखालची घसरण समोरून बघून पोरं बिनधास्त ‘साठ’ म्हणतात. मोजली की जेमतेम निम्मी भरते.

मोबाइलमध्ये कोन दाखवणारं अॅप असतं. घरी सरावाला उत्तम. पण गारठ्यात बॅटरी बसते, हातमोजे घालून पडदा चालत नाही, उन्हात आकडा दिसत नाही. माझं मत विचाराल तर लोंबत्या काट्याचं होकायंत्र घ्या. त्याची कड उताराला समांतर धरली की काटा अंश दाखवतो. ते महाग वाटलं तर कंपासपेटीतला कोनमापक, दोरा आणि एक नट. सरळ कड वर करून उताराच्या रेषेत धरायची. दोरा ९० वरून जितका सरकेल तितका उतार. वाऱ्यात नट डोलतो, हा एक वैताग.

१२० सेंटिमीटरच्या दोन काठ्याही चालतात. एक आडवी धरून तिचं टोक वरच्या बाजूला बर्फाला टेकवा. मोकळ्या टोकाशी दुसरी उभी रोवा. आडवी काठी उभीला जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर भेटली, की ३० अंश झाले. तिथे खूण करून ठेवा. पण काठ्यांनी कळतो तो पायाखालचाच उतार, आणि त्यासाठी त्यावर जावं लागतं. होकायंत्राने मात्र लांब, सुरक्षित जागी बाजूला उभं राहून समोरची धार मोजता येते. मी त्याच्या बाजूने आहे तो यासाठी.

निघण्याआधी नकाशाही बघावा. १:५०,००० च्या नकाशावर समोच्च रेषा दर ४० मीटर उंचीला असतील आणि दोन रेषांत एकच मिलिमीटर अंतर असेल, तर तो उतार सुमारे ३९ अंशांचा. नेमका वाईट.

४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा-२ वर उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेच्या तुकडीवर हिमकडा कोसळला. त्यात शिकाऊंबरोबर शिक्षकही गेले. म्हणून सोबत गाइड असला तरी पोरांना सांगतो, स्वतः मोजा. आणि तुम्ही २० अंशांवर चालत असाल तर डोक्यावरचा उतार आधी मोजा. तिथे ३८ असेल, तर खालचे २० काही कामाचे नाहीत.