बोरीबंदरला मान वर करून पाहताना



गटाचा माल घेऊन मुंबईला प्रदर्शनाला जाणाऱ्या आपल्यापैकी कितीतरी जणी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरतात. डोक्यावर पापडाचा खोका, हातात पिशव्या, नजर टॅक्सीवाल्यावर. इमारत कोण बघतंय? मीही सात वर्षं तशीच उतरले. यंदा मात्र आमच्या ग्रामसंघाच्या अकरा जणी फक्त ती इमारत बघायला गेलो.

बैठकीत विषय काढला तेव्हा पहिला प्रश्न पैशाचा. बचतीला हात लावायचा नाही, तिकीट जिचं तिने काढायचं असं ठरलं, तसं इतिवृत्तात लिहिलं. दुसरा प्रश्न एका मावशींचा. "ते साहेबांचं ऑफिस. आपल्याला कोण आत घेणार?"

मावशींचं अगदीच चूक नव्हतं. हे मध्य रेल्वेचं मुख्यालय आहे. पण त्याच इमारतीत रेल्वेचं वारसा संग्रहालय आहे आणि तिकीट काढून कुणालाही ते पाहता येतं. ते कामाच्या दिवशी दुपारी उघडं असतं, म्हणून रविवार धरून जाऊ नका. वेळ आणि तिकिटाचा दर आधी विचारून घ्या.

आता थोडा इतिहास. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी गाडी सुटली. चौदा डबे, चारशे पाहुणे आणि ओढायला तीन इंजिनं. या रेल्वेसाठी धडपडणाऱ्यांत आपले नाना शंकरशेठ होते. आजची इमारत नंतरची. १८७८ ला काम सुरू झालं, ते दहा वर्षं चाललं. आराखडा फ्रेडरिक स्टीव्हन्स यांचा. पण दगडातले मोर, माकडं, पानं-फुलं यांच्या कामात मुंबईच्याच जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. आधी व्हिक्टोरिया राणीचं नाव होतं, १९९६ ला छत्रपती शिवाजी महाराजांचं आलं. २००४ पासून ती जागतिक वारसा आहे.

दारातल्या दोन खांबांवर सिंह आणि वाघ बसलेत. सिंह इंग्रजांचा, वाघ आपला. आत गेल्यावर घुमटाखालचा जिना पाहा. पायऱ्यांचं एक टोक भिंतीत रोवलेलं, खाली आधाराला खांब नाही. आमच्यातली एक जण चढायलाच तयार होईना. शेवटी दोघींनी हात धरला.

आणि घुमटाच्या टोकावर एक बाई उभी आहे! उजव्या हातात मशाल, डाव्या हातात चाक. तिचं नाव प्रगती. इतक्या वेळा येऊन तिच्याकडे कधी पाहिलंच नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं.

ती दगडाची झाली. मला सांगायचंय ते खऱ्या बाईबद्दल. आम्ही लोणावळ्याहून ज्या बोरघाटातून उतरलो, त्या घाटाच्या रेल्वेचं कंत्राट १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल या इंग्रज माणसाकडे आलं. इथे आल्यावर काही आठवड्यांतच तो वारला. त्याची बायको ॲलिस हिने कंत्राट सोडलं नाही. दोन जाणते इंजिनियर कामावर देखरेखीला नेमले आणि घाट पुरा करून घेतला. १८६३ मध्ये गाडी घाट चढली.

पण बोगदे ॲलिसने फोडले नाहीत. घाटात एका वेळी चाळीस हजारांच्या वर मजूर होते. त्यांत बायाही होत्या, पोरंही होती. पाट्या त्यांनी वाहिल्या. पटकी आणि तापाने माणसं हजारोंनी गेली. ॲलिसचं नाव पुस्तकात मिळतं. पाट्या वाहणाऱ्या बायांपैकी एकीचंही मला मिळालं नाही. हे मी तिथेच सगळ्यांना सांगितलं, तेव्हा त्याच मावशी म्हणाल्या, "माझ्या आजेसासूची सासू घाटाच्या कामावर होती म्हणतात. नाव कुणाला ठाऊक नाही." इतक्या वर्षांच्या ओळखीत हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलं.

जाणार असाल तर डबा बरोबर घ्या. फोटो काढण्याआधी तिथल्या माणसाला विचारा. आणि चौकात समोरच्या फुटपाथवर जाऊन पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहा, घुमट तिथूनच पुरा दिसतो.

परतीला कर्जत सुटल्यावर मावशींनी खिडकी धरली आणि बोगदे मोजायला लागल्या. चौदाव्याला कुणीतरी चिवडा पुढे केला आणि मोजणी चुकली. मग रागावून म्हणाल्या, "आता परत यावं लागणार."