विषय कामातच असतो : परभणीच्या लेखणीचा माग

नव्यानं लिहिणारी पोरं भेटली की म्हणतात, "सर, विषयच सुचत नाही." परभणीत असं कुणी म्हणालं की मी बी. रघुनाथांचं नाव घेतो. १९१३ साली, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या सातोन्यात जन्मलेले रघुनाथ निजामी राजवटीत बांधकाम खात्यात कारकून होते. संस्थानाचा कारभार उर्दूत, घरची बोली मराठी. या दोन्हींच्या मधोमध उभं राहून त्यांनी माणसं पाहिली. 'साकी', 'फकिराची कांबळी' ही त्यांच्या कथासंग्रहांची नावंच पाहा. 'आडगावचे चौधरी' या कादंबरीत त्यांनी निजामी अमलातलं खेडं उभं केलं. माझ्या मते मराठवाड्याच्या कादंबरीची खरी सुरुवात तिथं होते. ७ सप्टेंबर १९५३ रोजी, वयाच्या चाळिशीत, कचेरीत काम करतानाच ते गेले.

आसाराम लोमटे यांच्या लेखनाचं बीजही पोटापाण्याच्या कामात आहे. सेलू तालुक्यातला हा लेखक वार्ताहर म्हणून जिल्हा फिरला. बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते. त्या बातमीतल्या माणसाचं पुढं काय झालं, हे 'इडा पिडा टळो' आणि 'आलोक'मधल्या दीर्घकथा सांगतात. 'आलोक'ला २०१६चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इंद्रजित भालेराव परभणीत प्राध्यापकी करत राहिले, पण 'पीकपाणी' या संग्रहापासून त्यांची कविता बापाच्या शेतातच राबली.

आज विषय कुठं आहेत? दसरा झाला की गंगाखेड, सोनपेठकडचे कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या नवरा-बायकोच्या जोड्या, मुकादमाची उचल घेऊन साखर कारखान्याकडं निघतात. मागं म्हातारी आणि शाळेतलं नातवंड राहतं. त्या घरातली एक संध्याकाळ लिहा. आडतीवर काट्याशेजारी उभ्या शेतकऱ्याचा चेहरा लिहा. कापूस वेचणाऱ्या बायका दिवसभर काय बोलतात, ते ऐका. मात्र लांबून हळहळू नका. त्या कामातली मजुरी किती, हिशेब कोण ठेवतं, वाद कशावरून होतो, हे कळेपर्यंत कथेला हात घालू नये.

आणि या साऱ्या लेखकांच्या आधी गंगाखेडच्या संत जनाबाई. दळण, कांडण, झाडलोट, शेणी वेचणं, एवढंच वाट्याला आलेलं काम. त्यातच त्यांनी विठ्ठलाला हाताशी घेतलं आणि अभंग झाले. जात्यावर बसलेल्या पुढच्या कित्येक पिढ्यांनी ओवीतून माहेर, भाऊ, सासुरवास सांगितला. गी पॉयटवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, पण त्या ओव्या पाठ असलेल्या आज्या अजून आपल्या घरांत आहेत. या दिवाळीत गावाकडं गेलात तर वही घेऊन त्यांच्याजवळ बसा, त्यांच्याच बोलीत उतरवून घ्या आणि खाली त्यांचं नाव, गाव नक्की लिहा.